ट्रकच्या दारावरचा निंब

चोरलाय, हे मला रात्री पावणेदोनला कळलं.
खिरोद्याहून देवयानीने व्हिडिओ पाठवला:
कुणी एक 'रॉयल किंग'
खेळातल्या राजस्थानात, वाळूच्या रस्त्याने
निळा ट्रक पळवतोय.
बॉनेटवर, काचेवर, टपावर त्याचंच नाव,
सोनेरी. मी आठ ठिकाणी मोजलं.

ट्रक माझा होता.
माझा म्हणजे, सावद्याला फिरकेंच्या केळीच्या वखारीपुढे
एक नारंगी ट्रक उभा असायचा,
त्याच्यावरून सात महिने बसून केलेला मॉड.
आरसे मोजले होते शिंप्याच्या टेपने.
चाकाचे नट आठ की दहा, यावर
जगन ड्रायव्हरशी उसाच्या रसाची पैज हरलो होतो.

'पुरावा काय?' देवयानी.
रंग बदललेला. एमएच एकोणीस गेलेलं.
फायलींची नावं धुऊन पुसून दुसरीच.
हॉर्न तेवढा होता तसाच,
आणि हॉर्नच्या शेपटीला, कान देऊन ऐकलं तर,
बायजामावशी: 'ओ जगन, घड मोज रे भो, घड!'
पण हॉर्न काय, कुणीही कुठूनही उचलतो म्हणतील.

मग तिनंच विचारलं:
'दारावर हे काय रे? काळं काळं, जाळीदार?'

निंब.
डाव्या दाराचा फोटो पौषात काढलेला,
दुपारी साडेचारला, ऊन तिरपं,
वखारीच्या निंबाची सावली दारावर.
ती रंगासकट चिकटून आली.
आधी मला काढता येईना,
नंतर काढवेना.

आणि आता कोसभर झाड नाही अशा वाळवंटात,
ऐन मध्यरात्री,
त्या चोराच्या डाव्या दारावर
सावद्याचे साडेचार वाजलेले.
रंग निळा केला तर सावलीही निळसर झाली,
पण डहाळ्या त्याच,
मधली मोडकी, जिला जगन डबा अडकवायचा, तीसुद्धा.
त्याला तो मळ वाटला असेल.

सकाळी जुने फोटो काढले. ताणून मोठे केले,
दाराचे, टायरचे, मागच्या फाळक्याचे.
फाळक्यावर मोर.
मोराच्या पायाशी बारीक पांढरं काहीतरी,
माझ्या मॉडमध्ये नसलेलं.
अजून ताणलं.
'रमजान पेंटर, फैजपूर नाका.'

आठवलं. रविवार होता. शेजारचा रंग घेऊन
मीच त्याच्यावर फिरवला होता,
डाग समजून.

देवयानीला हे सांगायला मला दोन दिवस लागले.

रमजानचाचा आता रेडियमच्या नंबरप्लेटा कापतात.
मोबाईल लांब धरून, चष्मा कपाळावर ढकलून
बराच वेळ पाहत राहिले.
'मोर माह्या उस्तादचा. धुळ्याचे, याकूबभाई.
त्यांचा समोर पाह्यचा.
मी मान वळवली. मांगून येनाऱ्या गाडीकडे पाह्यतो हा.
मले तसा पाह्यजे व्हता.'
मग बोट सरकवत दारावर आले, थांबले.
'आन् हा निंब कोनं काढला? हात चांगला हाये.'
'कुणी नाही,' म्हटलं, 'उन्हानं.'
'मंग त्याचंबी नाव टाक.'

मी त्यांचं नाव पुसलं होतं, हे मी सांगितलं.
ते कटर फिरवत राहिले.
एमएच एकोणीसचा नऊ
कागदावरून सोलून निघाला.

किंगचा ट्रक अजून पळतोय. माझ्यापेक्षा जास्त लोक
त्याचाच चालवतात.
मी तक्रार भरायला बसलो:
फाळक्याचा फोटो जोडला, हॉर्न जोडला,
पुरावा म्हणून एक झाड जोडलं.
खाली एक रकाना होता, मूळ कर्ता.
जागा
एकाच नावापुरती.